आज सगळ्या गावाचं बीपी वाढलंय

तुर्दाकुन : ...नाही म्हणजे नाही, बुरुल. फोनवर तर नाहीच, आणि तुझ्या तोंडूनही नाही.

बुरुल : मग कुणाच्या तोंडून, आबा? तुमच्याच ना? मग चला. ती पलीकडच्या खोलीत बसलीये, लोकांना तपासतेय. दार ढकललं की झालं.

तुर्दाकुन : हळू बोल. तुझ्या या दवाखान्याची भिंत एका विटेची आहे.

बुरुल : हळूच बोलतेय. सकाळपासून हळूच बोलतेय, घसा बसायची वेळ आली.

तुर्दाकुन : एर्किनचे भाऊ बिश्केकहून निघालेत. मीरिमची आई तलावाकाठच्या माहेराहून निघालीये. ती माणसं येऊ देत. गावच्या सुनेच्या दोन्ही अंगांना तिची माणसं बसू देत. मग मी येईन, पाणी मागेन आणि सांगेन. या गावात ज्या ज्या बाईचा नवरा गेला, लेक गेला, तिला असंच सांगितलंय.

बुरुल : रीत मला शिकवू नका. माझ्या नवऱ्याचं तुम्हीच सांगितलं होतंत मला. तुमचा हात खांद्यावर होता म्हणून मी त्या दिवशी उभी राहिले, हे काही मी विसरले नाही. पण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आबा. माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. इथं पोरगं जिवंत आहे. सहा वर्षांचा तिलेक नारीनच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर पडलाय. शुद्धीवर आला तर आईलाच हाक मारणार ना?

तुर्दाकुन : आला तर.

बुरुल : काय म्हणालात?

तुर्दाकुन : शुद्धीवर आला तर, असं तूच म्हणालीस. ती तुझी नारीनची नर्स काय म्हणाली, परत एकदा सांग.

बुरुल : किती वेळा सांगू? मीरिमला न्यायला बापलेक गाडीनं येत होते. पहाटे घाटात बर्फावरून गाडी घसरली. एर्किन जागच्या जागी गेला. पोराला वरून फारशी इजा नाही, पण पोटात रक्त साचलंय म्हणून लगेच टेबलावर घेतलं. त्यानंतर ती फोन उचलत नाहीये.

तुर्दाकुन : मग मी सुनेला जाऊन काय सांगू? नवरा गेला, एवढंच? ती पुढच्या श्वासाला विचारेल, तिलेक कुठाय? आणि मी म्हणू, थांब पोरी, चौकशी करतो? एका आईला एका दिवसात दोनदा सांगणं मला जमायचं नाही, बुरुल. एकदाच सांगेन. जे असेल ते सगळं, एकदाच.

बुरुल : म्हणजे तुम्ही पोराची खबर यायची वाट बघताय. चांगली किंवा वाईट.

तुर्दाकुन : तसं समज.

बुरुल : आणि तोवर आई इथं बसून लोकांना विचारणार, भाजी खाता का, चालता किती, झोप लागते का.

तुर्दाकुन : हे मी माझ्या मनचं करत नाही. गेल्या वसंतात तिनंच सगळ्या गावाला क्लबात बसवून सांगितलं होतं ना? तीन वर्षं खोऱ्यातल्या बायांच्या नाड्या बघतेय पोर. म्हणाली, ज्यांना घरचं माणूस गेल्याची बातमी फोनवर कळली, रस्त्यात कळली, त्यांच्या तब्येती पुढं वर्षभर ढासळत गेल्या. ज्यांना माणसांत बसवून सांगितली त्या तुलनेनं निभावल्या. मला तर भरून आलं होतं. म्हटलं, आमच्या बापजाद्यांना जे ठाऊक होतं ते शिकल्यासवरल्यांना आज उमगलं.

बुरुल : त्याच्यापुढंही काही म्हणाली होती. माणसं थोडी आहेत, एवढ्यावरून काही ठरवू नका, म्हणाली होती.

तुर्दाकुन : ते मला ऐकू आलं नाही.

बुरुल : नेमकं तेवढंच येत नाही तुम्हाला ऐकू.

तुर्दाकुन : टोमणे नंतर मार. तिचा फोन कुठाय?

बुरुल : माझ्या खिशात. माझा बंद पडलाय, एक फोन करायचाय, असं सांगून मागून घेतला. आयुष्यात पहिली चोरी, आबा, आणि तीही कुणाची!

तुर्दाकुन : पाप माझ्या माथी. आता ऐक. घरोघरी निरोप गेलाय. तिला सांगून होईपर्यंत कुणी दुखवट्याचं तेल तापवायचं नाही, तंबू उभारायचा नाही, रडायचं नाही. आणि आज ज्यांना ज्यांना तिनं तपासायला बोलावलंय त्यांनी नेहमीसारखं यायचं. कुणी आलंच नाही तर तिला शंका येईल.

बुरुल : ही तर कमालच केलीत.

तुर्दाकुन : का? काय चुकलं?

बुरुल : आबा, ती नुसती विचारत नाही. दंडाला पट्टा बांधते. गावाच्या तोंडाला तुम्ही कुलूप लावाल, पण नाडीला काय निरोप धाडलात?

*

मीरिम : बुरुल एजे, ताई, ये जरा इकडे. खरं सांग, हे मशीन काल कुणाच्या हातून पडलं होतं का?

बुरुल : नाही गं. का?

मीरिम : आज सगळ्या गावाचं बीपी वाढलंय. हसू नको, खरंच. जुमाश आपा आल्या होत्या. मागच्या आठवड्यात एकशे तीस होतं, आज एकशे सत्तर. म्हटलं, आपा, खारट चहा जास्त झाला का? नाही म्हणे, रोजचाच. झोप? झोपही छान म्हणे. मग मी विचारलं, अलीकडं मनाला फार उदास वाटलं का? तर ढसाढसा रडायलाच लागल्या. म्हणाल्या, कांदा चिरून आलेय.

बुरुल : आला असेल चिरून. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना लागतो.

मीरिम : अगं, हात धरला होता मी त्यांचा. कांद्याचा वास नव्हता. बरं, त्या जाऊ देत, हळव्या आहेत. एशिम आला. तो तर हळवा नाही ना? दरवर्षी मला बघितलं की म्हणतो, आली रक्तपिपासू. आज शब्द नाही. मान खाली घालून बसला, दंड पुढं केला, आणि जाताना खिशातून मूठभर कुरुत काढून माझ्या हातावर ठेवले. खा पोरी, म्हणाला. बघ, तुझ्यासाठी ठेवलेत दोन.

बुरुल : मला नकोत.

मीरिम : दही वाळून दगडासारखे झालेत, पण चव छान आहे. घे की.

बुरुल : नको म्हटलं ना.

मीरिम : बाई गं. तू पण? सकाळपासून जो तो सुतकी चेहरा करून बसलाय.

बुरुल : असं काहीतरी बोलू नये.

मीरिम : बरं, नाही बोलत. पण मला कोडं पडलंय. आधी म्हटलं, मशीन बिघडलं. म्हणून स्वतःच्या दंडाला लावून बघितलं. एकशे पंधरा. दुसऱ्यांदा लावलं, तेवढंच. मशीन ठीक आहे, एजे. गावात मी एकटीच ठणठणीत आहे.

बुरुल : थंडी पडलीये अचानक. थंडीनं वाढतं, तूच सांगतेस.

मीरिम : थंडीनं एवढं नाही वाढत. काल कुणाकडे जेवणावळ होती का? चरबी, दारू, जागरण?

बुरुल : हो. होती की. दस्तानकडे.

मीरिम : दस्तान अजून वरच्या कुरणातून उतरलाच नाही. त्याच्या बायकोनं काल सांगितलं मला.

बुरुल : मग दुसऱ्या कुणाकडे असेल. मला काय ठाऊक? मी काय गावाच्या चुली मोजत फिरते?

मीरिम : चिडतेस कशाला? बरं, झाला का माझा फोन वापरून? तिलेकच्या बाबांना लावायचाय. बघितलंस, तुमच्यात राहून मीही नवऱ्याचं नाव घेईनाशी झाले. बिश्केकला एर्किन, एर्किन करत असते, इथं आले की जीभ अडखळते.

बुरुल : घाटात फोन लागत नाही. ठाऊक आहे ना तुला.

मीरिम : ठाऊक आहे गं. पण एव्हाना उतरले असतील. रात्रीच निघणार होते. काल तिलेक फोनवर म्हणाला, आई, बाबा मला घाटात खाली उतरवणार आहेत, मी पहिला बर्फ खाणार आहे. म्हटलं, खा, आणि घसा धरला की बुरुल मावशीकडे सुई टोचून घ्यायला जा. तर म्हणतो कसा, बुरुल मावशी सुई टोचत नाही, नुसती दाखवते.

बुरुल : दाखवते... नुसतीच दाखवते मी.

मीरिम : एजे? अगं, काय झालं? बस. बस आधी. पांढरी पडलीस तू.

बुरुल : काही नाही. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून.

मीरिम : बाही वर कर.

बुरुल : मला कशाला? माझं नाव आजच्या लोकांत नाही.

मीरिम : कर म्हणते ना. बोलू नको, पट्टा फुगतोय... अगं बाई. एकशे नव्वद. तुझं? दिवसभर डोंगर चढणारी बाई तू, ना दारू ना तंबाखू. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं होतं, बुरुलसारखं राहा म्हणून. काय झालंय तुला?

बुरुल : सांगितलं ना, उपाशी आहे.

मीरिम : रात्री झोपलीस?

बुरुल : झोपले.

मीरिम : मनावर कसलं ओझं आहे?

बुरुल : नाही.

मीरिम : कुणाशी तरी बोलायचंय आणि बोलता येत नाही, असं काही?

बुरुल : मीरिम, हे प्रश्न मला नको विचारूस. दुसरं काहीही विचार.

मीरिम : थांब. हा वास कसला?

बुरुल : कसला?

मीरिम : तेलाचा. पिठाचे बोर्सोक तळतंय कुणीतरी. एका घरात नाही, दोन-तीन घरांत. आज मंगळवार ना? तुमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं तळतात ते गुरुवारी. मंगळवारी एवढं तेल कोण तापवतंय?

बुरुल : तापवू नका म्हणून सांगितलं होतं मेल्यांना...

मीरिम : कुणी सांगितलं होतं?

बुरुल : कुणी नाही. पाहुणे येणार असतील कुणाचे.

मीरिम : एजे, मला जरा मोठ्यानं विचार करू दे. मी अशीच करते. घोडं कुठं पेंड खातंय ते बघू. आज जेवढे आले तेवढ्या सगळ्यांचं बीपी वर. वय वेगळं, खाणं वेगळं, कामं वेगळी. एशिम घोड्यावर असतो, जुमाश आपा घराबाहेर पडत नाहीत. त्यांच्यात सारखं काय? झोप नाही, चहा नाही, दारू नाही. सारखी एकच गोष्ट आहे. सगळे येऊन माझ्यासमोर बसले.

बुरुल : तू उगाच काहीतरी जोडतेस.

मीरिम : मी या खोऱ्यातल्या बायांना एक प्रश्न विचारते. आठवतोय तुला? मी तुलाही विचारला होता. त्या दिवशी, कुणी सांगायच्या आधी, काही जाणवलं होतं का? त्याला जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय. म्हणतात, तसं काही नाही, पण त्या दिवशी सगळे माझ्याशी फार गोड वागत होते.

बुरुल : मीरिम, बाळा...

मीरिम : तुझंही उत्तर तेच होतं. शेजारणीनं भांडण विसरून साय आणून दिली होती तुला. हसून सांगत होतीस मला.

बुरुल : नको ना बोलूस.

मीरिम : एशिमनं मला कुरुत दिले, एजे.

बुरुल : बस खाली. आबा येतील इतक्यात.

मीरिम : आबा कशाला येतील? मला माझा फोन दे.

बुरुल : देते. हा घे. फक्त लावू नकोस आत्ता.

मीरिम : कुणाला लावू नको, एजे?

*

तुर्दाकुन : उठू नकोस, सूनबाई. बस. बुरुल, दार लोटून घे, बाहेरच्यांना म्हणावं थांबा थोडं.

बुरुल : तिचं कुणी आलं?

तुर्दाकुन : नाही. दुपारपासून वर बर्फ कोसळतोय. घाट बंद केला. भाऊ पलीकडे अडकलेत, आईही तिकडेच. आणि या बायांना धीर निघेना, कढया चढवून बसल्या. आता थांबण्यात राम नाही. थोडं पाणी दे मला.

मीरिम : पाणी मागितलंत, आबा.

तुर्दाकुन : घसा सुकलाय, पोरी.

मीरिम : तुम्ही पाणी कधी मागता ते कितीतरी बायांनी सांगितलंय मला. पाणी मागता, अर्धं पिता, उरलेलं समोरच्या बाईला देता. मग गोष्ट सुरू करता. कुणाला उडून गेलेल्या पाखराची, कुणाला वाट चुकलेल्या घोड्याची. मी ते सगळं ऐकून ठेवलंय.

तुर्दाकुन : मग ऐकायला बस. एका डोंगरवाटेनं दोन स्वार चालले होते. एक थोर, एक सान...

मीरिम : थांबा. तुमचे ओठ निळे पडलेत.

तुर्दाकुन : थंडीनं.

मीरिम : हात पुढं करा.

तुर्दाकुन : सूनबाई, आत्ता ते नको.

मीरिम : करा म्हणते ना, आबा. मला हे एवढं काम करू द्या. हे संपलं की मला ऐकावं लागेल. मला भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय, आणि माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. बुरुल एजे, पट्टा.

बुरुल : करा हात पुढं, आबा. तिचं ऐका एकदा.

मीरिम : दोनशे वीस. तुम्हाला उभंसुद्धा राहता कामा नये. छातीत दुखतंय?

तुर्दाकुन : दुखतं. दर वेळी दुखतं. सांगून घरी गेलो की दोन-तीन दिवस भाकरी गिळवत नाही. म्हातारी असेपर्यंत पाठ चोळून द्यायची. त्याचं काय एवढं?

मीरिम : तुम्ही कधी बोलला नाहीत.

तुर्दाकुन : तू कधी विचारलं नाहीस.

मीरिम : खरंय. तीन वर्षं मी ज्यांनी ऐकलं त्यांच्या दारोदार फिरले. ज्यानं सांगितलं त्याचा हात एकदाही हातात घेतला नाही. एजे, गोळी दे त्यांना. जिभेखाली धरा, आबा. आणि आता तुम्ही बोलायचं नाही. मी बोलते. तुम्ही नुसती मान हलवा.

तुर्दाकुन : अशी रीत नाही.

मीरिम : आज एवढी मोडू. घाटात झालं ना?... हं. गाडी घसरली?... हं. एर्किन?

(म्हातारा पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवतो आणि मान हलवतो.)

मीरिम : तुमच्यासमोर नाव घेतलं मी त्याचं.

तुर्दाकुन : घे, पोरी. आज घे.

मीरिम : एर्किन. एर्किन. बरं. आणि तिलेक?... आबा, मान हलवा. हो, नाही, काहीतरी. एजे, आबांची मान का हलत नाही?

तुर्दाकुन : मला ठाऊक नाही म्हणून. त्याच्यासाठीच थांबलो होतो.

मीरिम : थांबला होतात? कधीपासून?

बुरुल : जिवंत आहे, मीरिम. निदान सकाळी होता. नारीनला टेबलावर घेतलं त्याला. त्यानंतर फोन लागत नाही. दर पाच मिनिटांनी लावतेय मी.

मीरिम : सकाळी? आज सकाळी? मी इथं जुमाश आपांना झोप कशी लागली ते विचारत होते तेव्हा?

बुरुल : हो.

मीरिम : आणि सगळ्यांना ठाऊक होतं. एशिमला, जुमाश आपांना. तुला. माझ्या पोराचं नाव काढून मी तुझ्यासमोर हसत होते.

बुरुल : मला शिव्या दे. मार हवं तर. मी दारापर्यंत आले होते गं, दोनदा आले होते.

तुर्दाकुन : तिला बोलू नकोस. तिला मी अडवलं. दोन घाव वेगवेगळे घालण्यापेक्षा तुझी माणसं जमवून एकदाच सांगावं, असं मला वाटलं. तूच म्हणाली होतीस ना, माणसांत बसवून सांगितलं की बाई निभावते. ते मी धरून बसलो.

मीरिम : मी म्हणाले होते. ती गेलेल्या माणसांची गोष्ट होती, आबा. माझा मुलगा गेलेला नाही.

तुर्दाकुन : चुकलो मी.

मीरिम : नारीनचा रस्ता चालू आहे का?

बुरुल : चालू आहे. बर्फ वर घाटात आहे, खाली नाही. एशिमची जीप बाहेर उभी आहे. सकाळीच टाकी भरून उभी केलीये त्यानं. म्हणाला, कुणी हो म्हणायचा अवकाश.

तुर्दाकुन : सूनबाई, आज तुला उंबरा ओलांडता येत नाही. तंबू उभा राहील. एर्किनला घरी आणतील, त्याच्या पायाशी तू बसायचंस, भिंतीकडे तोंड करून पहिला टाहो तुझा फुटायचा. बायको नसली तर त्याला निरोप कोण देणार?

मीरिम : मी देईन. परत येऊन देईन. असा देईन की वरच्या कुरणांपर्यंत ऐकू जाईल. आत्ता रडायला बसले तर मला उठता येणार नाही, आबा. आणि तिकडे कुणीतरी शुद्धीवर येऊन इकडेतिकडे बघेल.

तुर्दाकुन : बघेल की नाही, तेच तर ठाऊक नाही. तिथं जाऊन तुला काय कळेल, आणि ते तुला सांगायला तिथं आपलं कोण असेल? परकी माणसं, परका दवाखाना. दारातच कुणीतरी उभ्या उभ्या बोलून जाईल, बस असंही म्हणणार नाही. माझा जीव तिथं अडकतोय, पोरी.

मीरिम : मलाही त्याचीच भीती वाटतेय.

तुर्दाकुन : मग?

मीरिम : मग काही नाही. जायचंय.

तुर्दाकुन : लोक काय म्हणतील?

बुरुल : लोकांना मी बघते. तुम्ही आडवे व्हा त्या खाटेवर, आणि मी परत येईपर्यंत उठायचं नाही.

तुर्दाकुन : तू कुठं निघालीस?

बुरुल : तिच्याबरोबर. तिथं आपलं कोण असेल, असं आत्ताच विचारत होतात ना?

मीरिम : माझे बूट कुठायत, एजे?

बुरुल : तुझे अजून ओले आहेत. माझा दुसरा जोड घाल.